बोपोडीहून वलूरकाला

पुणे, ४ जानेवारी

प्रिय मित्रा,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र मिळालं आणि पत्रातलं पिंपळाचं पानही. बुद्धगयेहून आलंय म्हटल्यावर आईनं ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि बाबासाहेबांच्या तसबिरीच्या काचेत खोचून ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवते. "आईला बुद्धगयेला कधी नेतोस?" असं तू विचारलंस, तेव्हापासून मनाला टोचणी लागली होती. तिचे गुडघे तुला माहीतच आहेत. इतक्या लांबचा रेल्वेप्रवास तिला आता झेपायचा नाही. पण तुझं पत्र वाचून झाल्यावर तीच म्हणाली, "अरे, गयेचं राहू दे. आपल्या इथलं तरी मी कुठं धड पाहिलंय?"

म्हणून २५ डिसेंबरला सकाळीच खडकीहून लोणावळा लोकल धरली. आधी देहूरोड. याच तारखेला १९५४ साली बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती तिथं स्वतःच्या हातानं बसवली. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा जवळजवळ दोन वर्षं अवकाश होता! त्या दिवशी आमची आजी तिथं होती, थोरल्या मामाला कडेवर घेऊन, हे तुला लहानपणी तिनंच सांगितलेलं आठवत असेल. गर्दीत बाबासाहेब नीट दिसलेच नाहीत, नुसता आवाज ऐकू आला, असं ती म्हणायची. आणि तिनं एका दिवसाची हजेरी, म्हणजे दिवसभराची मजुरी, विहारासाठी दिली होती. ते मात्र ती फार कमी वेळा सांगायची. यंदाही रांग मोठी होती. पांढऱ्या साडीतल्या बाया, खांद्यावर पोरं, हातात मेणबत्त्यांचे पुडे. आईनं वंदना घेतली आणि बराच वेळ काही बोलली नाही.

तिथून पुन्हा लोकलनं मळवलीला आणि मळवलीहून रिक्षा करून कार्ल्याच्या बौद्ध लेण्यांना. रिक्षा वरच्या वाहनतळापर्यंत जाते, पुढच्या पायऱ्या चढाव्याच लागतात. दोन्ही बाजूला हार, नारळ, पेढे, खेळण्यांची दुकानं, कारण वर एकवीरा आई आहे आणि कोळी बांधवांची तिच्यावर फार श्रद्धा. एक कोळीण मावशी आईच्या बरोबरीनं चढत होत्या. दोघी दर दहा-बारा पायऱ्यांवर टेकायच्या, एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करायच्या आणि उठायच्या. वर पोचल्यावर त्या देवळाकडे वळल्या, आम्ही लेण्याकडे. देऊळ लेण्याच्या अगदी तोंडाशी आहे. त्याच्या शेजारी माथ्यावर सिंह असलेला उंच स्तंभ उभा आहे, तो महारठी, म्हणजे त्या काळचा सरदार, अग्निमित्रणक यानं दिलेला.

चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या लेण्यात, शिरलो आणि आई दारातच थांबली. बाहेर उन्हाचा डोळे दिपवणारा झोत आणि आत एकदम गार अंधार. हळूहळू खांब दिसायला लागले. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा, खाली घट, वर हत्तींवर बसलेल्या जोड्या. स्तूपामागचे सात मात्र अगदी साधे, त्यांवर काही कोरलेलं नाही. वर पाहिलंस तर लाकडी कमानी, दोन हजार वर्षांपूर्वीच्या! स्तूपावरची छत्रीसुद्धा लाकडाचीच. इतकी पावसाळी हवा, इतकी माणसं, आणि ते लाकूड अजून तिथंच आहे. आईनं चपला आधीच काढल्या होत्या. स्तूपापर्यंत गेली, हात जोडले आणि हळू आवाजात "बुद्धं सरणं गच्छामि" म्हणाली. दगडानं तो आवाज असा काही धरून ठेवला की मागचे फोटो काढणारे कॉलेजचे पोरंही गप्प झाले.

आता जे सांगण्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, ते सांगतो. गेल्या वर्षी मी रविवारी ब्राह्मी लिपी शिकायला जात होतो, आठवतं ना? फार येत नाही, पण अक्षरं लागतात. एका खांबावरचा लेख आईला दाखवला. शेवटचा शब्द 'दानं'. त्यातला 'न' ओळखायला सोपा : आडव्या रेघेवर उभी केलेली एक रेघ. आईनं बोट दगडाला लावलं नाही, जरा अंतरावर धरून हवेतच ती रेघ गिरवली. मग दुसऱ्या खांबावर स्वतः शोधली. मग तिसऱ्यावर. सापडली की माझ्याकडे वळून बघायची.

मी तिला सांगत गेलो. वैजयंतीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीच्या, सेठ भूतपालानं हे शैलगृह पुरं केलं आणि जंबुद्वीपात याच्याइतकं उत्तम दुसरं नाही असं कोरून ठेवलं. क्षत्रप, म्हणजे शक राजा, नहपान याचा जावई उषवदात यानं इथल्या, वलूरकाच्या, भिक्खूंसाठी गाव दिलं. कार्ल्याचं तेव्हाचं नाव वलूरक. हे मोठे लोक. पण खांब देणाऱ्यांत धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे ग्रीक, आहेत, सोपाऱ्याचा माणूस आहे. धेनुकाकटाच्याच सिंहदत्त नावाच्या गंधिकानं, म्हणजे अत्तरवाल्यानं, दर्शनी दार दिलं. आणि एक दार केलं वेणुवासाचा मुलगा सामी यानं. हा सामी सुतार होता.

"सुताराचं नाव?" आईनं दोनदा विचारलं. "बापाच्या नावासकट?"

मग एका खांबाजवळ टेकून म्हणाली, "माझ्या आईनंही दिली होती रे हजेरी. तिचं नाव कुठं लिहिलं असेल का?"

मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगतो, अजूनही देता येत नाही. कडेवर पोर घेऊन मजुरी करणाऱ्या बाईची एका दिवसाची हजेरी आणि त्या सेठाचं अख्खं लेणं, यांत मला तरी काही लहान-मोठं वाटत नाही. तिचं नाव लिहून ठेवायला हवं होतं, कुणीतरी.

जवळच्या भाजे लेण्यांना तिला नेलं नाही, तिथल्या पायऱ्या आणखी जिवावर आल्या असत्या. दिवाळीत मी एकटा जाऊन आलो होतो. तिथं चौदा स्तूप एकाशेजारी एक दाटीनं उभे आहेत, दिवंगत थेरांच्या, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंच्या, स्मरणाचे, काहींवर त्यांची नावंही आहेत. ते तुला पत्रात सांगून कळायचं नाही, बघायलाच हवं.

घरी आल्यावर रात्री आईनं वही पुढं केली. "आजीचं नाव त्या अक्षरांत लिही." मी लिहिलं, पुढं 'दानं' लिहिलं, वर तारीख घातली. तो कागद आता तसबिरीत आहे, तुझ्या पानाच्या शेजारी.

बेडसे लेणं राहिलंय, ते मुद्दाम तुझ्यासाठी ठेवलं. कामशेतला उतरायचं. चैत्र लागायच्या आत ये, नंतर त्या डोंगरावर ऊन सोसवत नाही. वहिनींना आणि मुलांना घेऊनच ये, आई रोज विचारते.

तुझाच,
बोपोडीकर