जुन्या ट्रंकांसाठी आठवड्यातली एक दुपार

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या नाशकातले वाडे पाडले जातायत, त्याच्या बातम्या आपल्या अंकात अधूनमधून येतात. वाडा पडला की सागवानी खांबांना, नक्षीच्या दारांना गिऱ्हाईक उभं असतं. माळ्यावरच्या ट्रंकेला नसतं. हे पत्र त्या ट्रंकेबद्दल आहे.

मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, म्हणजे नोटा-मुद्रांकांच्या सरकारी छापखान्यात, ३४ वर्षं काढली. कागद मोजणं हाच धंदा. एका तावाचा हिशेब लागेना तर जिवाला घोर लागायचा. आणि असा मी, २००८ च्या सप्टेंबरात गोदेला पूर आला, पात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला, दहीपुलाजवळच्या आमच्या भाड्याच्या खोल्यांत पाणी शिरलं, तेव्हा आजोबांच्या ट्रंकेतले भिजलेले गठ्ठे न सोडताच रद्दीवाल्याला दिले. किलोच्या भावाने. काट्यावर चढवताना त्यातून एक पुस्तिका निसटून पडली, ती बायकोने उचलून पदराला पुसली. तेवढीच राहिली.

आजोबा दापोलीकडचे. मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींवर खलाशी. पुस्तिका म्हणजे त्यांच्या नोकरीचं बुक, आमच्या घरात तिला 'नळी' म्हणत. बोटीचं नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख आणि शेवटच्या रकान्यात शिक्का : व्हेरी गुड. एका पानावर ब्रिटनमधल्या कार्डिफ बंदराचं नाव आहे. तिथून त्यांनी घरी काही लिहिलं होतं का, ते आता त्या तराजूलाच ठाऊक.

योगायोगाने लेक कार्डिफलाच नांदते. गेल्या वर्षी गेलो होतो. वेल्समधल्या या टापूने एके काळी जगभरच्या आगबोटींना कोळसा पुरवला. शेजारच्या एकट्या बॅरी बंदरातून १९१३ साली एक कोटी दहा लाख टनांच्या वर कोळसा बाहेर गेला. आजोबा तिथे कसे पोचले असतील याचा उलगडा तेव्हा झाला. मग जावयांनी गाडीने अ‍ॅबरिस्टविथला नेलं. तिथे टेकडीवर, समुद्राकडे तोंड करून, वेल्सचं राष्ट्रीय ग्रंथालय आहे. सनद १९०७ ची. एका दर्यावर्दी घराण्याची कागदपत्रं मी पाहायला मागितली. काही पोरं व्यापारी जहाजांवर, काही आरमारात, असं ते घर. नावाजलेलं म्हणावं असं नाही.

पेन बाहेर ठेवायला लावलं. आत फक्त पेन्सिल. वहीखाली स्पंजची उशी, पान उडू नये म्हणून वर मण्यांची जड माळ. पहिलंच पत्र हाती आलं ते उभं लिहिलेलं, आणि त्याच पानावर पुन्हा आडवं लिहिलेलं. घोंगडीच्या विणीसारखं. विचारलं तर कळलं, १८४० पूर्वी त्यांच्याकडे टपालाचे पैसे तावांच्या संख्येवर आणि अंतरावर पडत, आणि बहुतेक वेळा ते पत्र घेणाऱ्याला भरावे लागत. म्हणून एकाच तावात सगळं बसवायचं. जहाजाची रोजनिशी इंग्रजीत, घरची पत्रं मात्र वेल्श भाषेत. मला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण काटकसर कळली.

दुसरी गंमत हिश्श्यांची. तिकडे जहाजाची मालकी चौसष्ट भागांत मांडतात. खाणकामगार, किराणा दुकानदार, धर्मोपदेशक, गावातली एखादी विधवा, असे लोक एकेक चौसष्टांश घेत आणि जहाज समुद्रावर जाई. आपल्या जुन्या रुपयाचे पैसेही चौसष्टच होते. म्हणजे जहाज हा रुपया धरला तर त्या बाईचा त्यात एक पैसा. वेल्सने थॉमस फोलीसारखे आरमारी पुरुषही दिले. १७९८ च्या फ्रेंचांविरुद्धच्या नाईलच्या लढाईत त्याचं जहाज 'गोलायथ' सगळ्यांच्या पुढे घुसलं. असल्यांचे कागद कुणीही जपेल. मला अप्रूप त्या कागदांतल्या एका हिश्श्याच्या, म्हणजे एका पैशाच्या, पावतीचं वाटलं. तिला क्रमांक होता, ती कुठून आली त्याची नोंद होती, आणि घरच्या गठ्ठ्यात जिथे होती तिथेच ठेवली होती. परत देताना सवयीने मी कागद मोजले. काउंटरवरची बाई हसली. बरोबर भरले.

आपल्याकडे हे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. त्र्यंबकेश्वरात आणि नाशकात उपाध्यांच्या चोपड्या आहेत. गाव आणि आडनाव सांगितलं की पणजोबांची मोडीतली सही समोर येते. आमची आली. सार्वजनिक वाचनालय १८४० चं, म्हणजे तिकडे टपालाची ती भानगड मिटली त्याच सालचं. इतिहासाचार्य राजवाड्यांनी तर दारोदार फिरून दप्तरं गोळा केली आणि १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले. पण खलाशाची नळी, तांबटाची हिशेबवही, प्रेसमधल्या कामगाराची पत्रं घेऊन नाशिककराने जायचं कुठे? मी एका कार्यालयात नळी घेऊन गेलो होतो. साहेबांनी विचारलं, "काका, शिवकालीन आहे का?" नाही म्हटल्यावर पिशवी माझ्याकडे सरकवली आणि चहा मागवला. चहा चांगला होता.

नवी इमारत नको, समितीही नको. शहरातल्या एखाद्या संस्थेने आठवड्यातली एक दुपार, एक टेबल आणि एक स्कॅनर द्यावा. लोक ट्रंका घेऊन येतील. कागदांचे फोटो निघावेत, कुणाचं काय आहे याची एका ओळीत नोंद व्हावी, मूळ कागद ज्याचे त्याला परत जावेत. ज्यांना घरी ठेवायची सोय नाही त्यांचे ठेवून घ्यावेत. मोडी वाचणारी काही मंडळी माझ्या माहितीत आहेत, ती यायला तयार आहेत. आणि वाडा रिकामा करणाऱ्यांना एवढंच, की ओला गठ्ठा काट्यावर टाकू नका. सावलीत पंख्याखाली पसरा, दोन दिवसांत सुटतो. हे मला २००८ साली माहीत होतं, प्रेसमध्ये आयुष्य गेलेलं. तरी केलं नाही.

कागद मोजायला माणूस लागलाच तर मी येईन. बुधवारी दुपारी मोकळा असतो.

आपला,
एक निवृत्त प्रेस कामगार, जेलरोड, नाशिकरोड