आवणीच्या दिवसांत भंडारदऱ्याला जाताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत भंडारदऱ्याचे धबधबे झळकू लागतात. ते फोटो पाहूनच आम्ही नवरा-बायको गेल्या आषाढात एका रविवारी तिकडे गेलो. धरणाजवळच्या शेंडी गावाहून जलाशयाला वळसा घालत निघालेला रस्ता उडदावणे, घाटघर, साम्रद करत रतनवाडीला येतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ढगात बुडालेले कडे. घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात, ते का हे छत्री उलटल्यावर कळलं.

साम्रदला एका घरी जेवायची सोय झाली. नागलीची भाकरी, हुलग्याचं पिठलं आणि वाफाळता भात. वाढणाऱ्या मावशी सकाळपासून आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला गेल्या होत्या, पायांवरचा चिखल पोटरीपर्यंत वाळलेला. आमच्यासाठी तेवढ्या वर आल्या होत्या, हे ऐकून घास जरा जडच झाला.

जेवून बाहेर पडतो तर समोर एक मोटार मागे घेताना खाचराच्या बांधावर चढली आणि बांध खचला. वरच्या खाचरातलं पाणी भसकन खालच्या खाचरात उतरलं, नुकती लावलेली रोपं आडवी झाली. चालकाने काच खाली करून मावशींना विचारलं, "मॅगी कुठे मिळेल?" मावशींनी हाताने रस्ता दाखवला, इरलं पाठीवर घेतलं आणि गवताच्या ढेपा उपटून त्या भगदाड बुजवायला बसल्या. मी मदतीला गेलो, पण खरं सांगायचं तर मी फक्त चिखल तुडवला.

हे आदिवासी महादेव कोळ्यांचं गाव. वर्षाचा भात याच पंधरा-वीस दिवसांत लागतो आणि नेमकी तेव्हाच रस्त्यावर मोटारींची रांग लागते. त्या दिवशी संध्याकाळची एसटी त्या रांगेत अडकली आणि बाजाराला गेलेली माणसं ओझी घेऊन अंधारात चालत आली. मे-जूनमध्ये काजवे पाहायला येणाऱ्यांचं वेगळंच. हिरडा-सादड्याच्या झाडांवर टॉर्च मारून काजवे शोधतात! (अंधारात चमकणारा किडा उजेडात कसा दिसावा?)

पर्यटक येऊ नयेत असं गावात कुणीच म्हणालं नाही. जेवणाचे पैसे मुलांच्या वह्या-पुस्तकांना लागतात, असं मावशीच म्हणाल्या. म्हणून सुचवावंसं वाटतं : आवणीच्या आणि काजव्यांच्या दिवसांत शनिवार-रविवारी बाहेरच्या मोटारी शेंडीलाच थांबवाव्यात. पुढे गावातल्यांच्याच जीपने जावं, भाडं ग्रामपंचायतींनी ठरवावं आणि एसटीला वाट मोकळी राहावी. भंडारदऱ्याचं हे विल्सन धरण 1926 साली पुरं झालं तेव्हापासून या डोंगरातलं पाणी खालच्या गावांना जातंय. रविवारचं जीपभाडं तरी वर राहू द्या.

आणि आपल्या पुरवणीत यंदा फोटो छापाल, तेव्हा खाली एक ओळ टाका : गाडी बांधापासून दूर लावा.

आपला,
एक वाचक, नाशिक