बॉम जीझसला गिलावा परत द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

३ डिसेंबरचं सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त जवळ आलं की पेपरात ओल्ड गोव्याच्या बॉम जीझस बॅसिलिकेचे फोटो येतात, आणि सगळ्यांना वाटतं हे चर्च पहिल्यापासून असंच लाल आहे. तसं नाहीये हो. १५९४ ला काम सुरू झालं, १६०५ ला पूर्ण झालं, आणि पुढं शेकडो वर्षं त्यावर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज आर्किटेक्टनं तो उतरवला, इमारत पुरातन दिसावी म्हणून!

ज्यांची घरं चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, आहेत त्यांना वेगळं सांगायला नको, चिरा पाणी पितो. उघड्या भिंतीवर गोव्याचा पाऊस चार महिने बदडतोय. दर्शनी भागाजवळ जाऊन बघा, काळ्या बेसॉल्टचे खांब आणि वरची नक्षी अजून धडधाकट आहे पण मधला चिरा झिजून खड्डे पडलेत, बोट फिरवलं तर लाल भुकटी हाताला लागते. समोरच्या से कॅथेड्रलला गिलावा चालतो, मग इथंच का नको?

आणि आत काय आहे ते तरी आठवा. गोंयच्या सायबाची, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरची, देह ठेवलेली चांदीची पेटी १६३० च्या दशकात गोव्यातल्याच सोनारांनी घडवली, चारी बाजूंनी त्याच्या आयुष्यातले प्रसंग इतके बारीक कोरलेत की नुसतं बघत राहावं. माझ्या मते अख्ख्या चर्चमधली सर्वात सुंदर वस्तू तीच, पण ती उंचावर असल्यानं लोक खालून हात जोडतात आणि पुढे सरकतात. खालचा संगमरवरी चौथरा टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याची भेट, फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकारानं केलेला, सुटे भाग जहाजानं आले आणि १६९८ ला इथं जोडले. एवढं सगळं ज्या भिंतींच्या आत आहे त्याच भिंती भिजत ठेवायच्या?

१९८६ पासून हे जागतिक वारसा स्थळ आहे. लाल रंग फोटोत छान दिसतो म्हणून गिलाव्याला विरोध करणारे बरेच आहेत, त्यांनी एकदा जुलैत येऊन भिंती बघाव्यात. पुरातत्त्व खात्यानं चुन्याचाच गिलावा करावा, सिमेंटचा अजिबात नको, आणि निदान पावसाचा मारा बसतो ती बाजू येत्या पावसाआधी झाकावी ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पणजी