लाखो वर्षांची हत्यारे भरावात चालली आहेत

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मानवाच्या उत्क्रांतीवर लेख आला की सोबत ठरलेले चित्र छापले जाते: आधी ओणवे माकड, मग जरा ताठ झालेले, शेवटी भाला घेतलेला माणूस. अशी सरळ रांग कधी नव्हती. एकाच काळात अनेक मानवजाती नांदत होत्या आणि आपण सोडून बाकी साऱ्या नामशेष झाल्या. या चित्रामुळे आणखी एक समज पक्का होतो, की हा सगळा इतिहास आफ्रिकेत घडला आणि आपला त्याच्याशी संबंध नाही. प्रवरा, गोदावरी आणि कुकडीच्या काठचे जुने गोट्यांचे थर वेगळेच सांगतात.

केनियातील लोमेक्वीची दगडी हत्यारे 33 लाख वर्षांपूर्वीची आहेत. दोन्ही बाजूंनी घडवलेली, दांड्याशिवाय हातात धरायची हातकुऱ्हाड केनियातच सुमारे साडेसतरा लाख वर्षांपूर्वी दिसते आणि तमिळनाडूतील अत्तिरमपक्कमला सुमारे 15 लाख वर्षांपूर्वी. आपल्याकडे नेवाशाजवळ चिरकी येथे गुद्रुन कॉर्व्हिनस यांनी 1960च्या दशकात उत्खनन केले, तेव्हा अशाच हातकुऱ्हाडी आणि फरश्या (रुंद, सरळ धारेची दगडी हत्यारे) निघाल्या. त्या काळच्या माणसाची हाडे भारतात फारच दुर्मीळ. 1982मध्ये अरुण सोनकिया यांना नर्मदाकाठी हथनोरा येथे कवटी मिळाली, ती अपवादानेच. म्हणून आपल्यासाठी दगड हाच मुख्य साक्षीदार.

हातकुऱ्हाड घडवणे म्हणजे दगडावर दगड आपटणे, असे वाटत असेल तर एकदा करून पाहावे. आधी दगड निवडावा लागतो. सच्छिद्र किंवा कुजलेला काळा पाषाण ठोकला की बद्द वाजतो आणि त्याचा चुरा होतो. खणखणीत वाजणारा घट्ट बेसाल्ट, म्हणजे न कुजलेला काळा पाषाण, किंवा त्याच्याच जातीचा डोलेराइट लागतो. मग मोठ्या धोंड्यातून तळहाताएवढा किंवा त्याहून मोठा छिलका काढायचा आणि त्याच्या कडा गोल गोट्याने ठोकत आणायच्या. घाव कडेच्या किंचित आत बसला पाहिजे आणि तिथे कडेच्या दोन पृष्ठभागांमधला कोन 90 अंशांपेक्षा कमी हवा. कोन जास्त असला तर जोर दगडात जिरतो, नुसती कड चेचते. घाव हलका पडला तर छिलका अर्ध्यावर तुटून पायरी राहते. पुढचा प्रत्येक छिलका त्याच पायरीशी अडतो आणि मधला जाड उंचवटा जाता जात नाही. उलट, पातळ करताना जोर जास्त झाला तर हत्यार मधोमध दुभंगते. हे टाळायचे तर पुढच्या दोन-तीन घावांचा विचार आधी करावा लागतो. निसर्गावर माणसाची पकड बसली ती या पूर्वविचारातून. विस्तव काबूत आला तो त्यानंतर बऱ्याच काळाने.

शेतात किंवा नदीच्या दरडीत असा दगड दिसला तर ओळखायचा कसा? घडवलेल्या दगडावर उथळ खोलगट खुणा कडेकडून आत जातात, एकीवर एक चढतात आणि सहसा दोन्ही बाजूंना असतात. नदीत आपटलेल्या गोट्याचे टवके कसेही उडालेले असतात. आपला काळा पाषाण कांद्यासारखे पापुद्रे सोडतो, त्यामुळे फसगत होते. पण त्या पापुद्र्यावर घावाची जागा आणि तिच्याखालचा बारीक फुगवटा नसतो. जेसीबीच्या दाताने उडालेला टवका आतून ताजा, काळा दिसतो. जुन्या घावांवर मात्र बाकी पृष्ठभागासारखाच तपकिरी किंवा राखाडी थर चढलेला असतो.

ओळख पटली की लोक दगड उचलून घरी नेतात, धुऊन कपाटात ठेवतात. तिथेच पुरावा जातो. जुन्नर तालुक्यातील बोरीला हत्यारांच्या जोडीला ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. त्या राखेचे वय कोणी 75 हजार वर्षे धरतात, कोणी 14 लाखांपर्यंत नेतात. हत्याराचे वय ठरवताना ते राखेच्या वर सापडले की खाली, हेही कळीचे असते. उचललेला दगड ते सांगू शकत नाही.

म्हणून दगड जागेवरच राहू द्यावा. शेजारी नाणे किंवा पेन ठेवून एक जवळून फोटो काढावा, दुसरा संपूर्ण दरडीचा. जमिनीपासूनची खोली मोजून मोबाइलवरील अक्षांश-रेखांशांसह लिहून घ्यावी आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे.

सपाटीकरणासाठी आणि रस्त्यांच्या भरावासाठी हेच घट्ट झालेले गोट्यांचे थर खोदले जातात. उत्खननाचा परवाना देण्यापूर्वी नदीकाठच्या अशा जागांची पुरातत्त्व अभ्यासकाकडून पाहणी बंधनकारक करावी आणि नेवासे, जुन्नर, निफाड या तालुक्यांपासून सुरुवात व्हावी, अशी आमची शासनाकडे मागणी आहे. आपल्या दैनिकाने ती लावून धरावी, ही विनंती.

आपले,
अश्मयुगाचे काही अभ्यासक, जि. अहिल्यानगर