बर्फ पडला, वादळ नव्हतं

बफेलो, अमेरिका,
रविवार

ती. आई आणि अप्पांस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर आईचा आवाज ऐकून मलाच धस्स झालं. "टीव्हीवर बर्फाचं वादळ दाखवतायत नि तू म्हणतेस वादळ झालंच नाही?" मागून अप्पा, "अगं, लपवत्येय ती." लपवत नाही हो. दीड फूट बर्फ पडला हे खरं, आणि ब्लिझर्ड नव्हतं हेही खरं. फोनवर धड सांगता येईना, म्हणून लिहायला बसले.

इथे स्नोस्टॉर्म वेगळं आणि ब्लिझर्ड वेगळं. आपल्या बातम्यांत दोन्हींचं 'बर्फाचं वादळ' होतं. पहिल्या हिवाळ्यात मीही तसंच समजत होते. एका सकाळी ऑफिसात फोन करून सांगितलं, ब्लिझर्ड आहे, येता येणार नाही. आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या बाईंनी विचारलं, "खिडकीतून समोरचं घर दिसतंय का?" दिसत होतं. "मग बस पकड आणि ये." गेले, करते काय!

ब्लिझर्ड कशाला म्हणायचं हे इथल्या हवामान खात्याने ठरवून टाकलंय. वारा ताशी ३५ मैल, म्हणजे ५६ किलोमीटर किंवा त्याहून जास्त, पाव मैलापलीकडचं दिसत नाही, आणि हे सगळं सलग निदान ३ तास. बर्फ किती पडला याचा त्यात उल्लेखच नाही! नवा बर्फ पडायलाही हवा असं नाही, आधीचा भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उधळला तरी पुरे. (नदीवरचा पूल ओलांडून कॅनडात गेलं की ४० किलोमीटरचा वारा चालतो, पण तो ४ तास टिकावा लागतो. वादळालासुद्धा सरहद्द असते म्हणायची.)

त्या बाई १९७७ साली शाळेत होत्या. त्या हिवाळ्यात शहराला लागून असलेलं एरी सरोवर आधीच्या डिसेंबरातच गोठलं आणि त्याच्यावर बर्फ साचत राहिला. २८ जानेवारीला वारा सुटला आणि सरोवरावरचा तो बर्फ उचलून शहरावर आणून ओतला. आभाळातून नवा पडला तो जेमतेम फूटभर. तरी २९ माणसं गेली, त्यातली काही रस्त्यात गाडलेल्या गाड्यांमध्येच. इथे अजून कुणी नुसतं 'ते ब्लिझर्ड' म्हटलं की ७७ चं, हे न सांगता कळतं.

याच्या बरोबर उलट २०२२ च्या नोव्हेंबरात. तेव्हा सरोवर गोठलेलं नव्हतं. अशा वेळी गार वारा लांबच लांब पाण्यावरून येताना वाफ उचलतो आणि काठावर एका अरुंद पट्ट्यात बर्फ टाकत बसतो. दक्षिणेकडच्या ऑर्चर्ड पार्क गावात ६ फुटांहून जास्त बर्फ पडला. तिथला फुटबॉलचा सामना उचलून डेट्रॉइटला न्यावा लागला. शहराच्या उत्तर भागात मात्र त्या मानाने काहीच नाही. आणि एवढं होऊनही त्याला ब्लिझर्ड म्हणत नाहीत.

महिन्याभराने, २३ डिसेंबरला, खरं ब्लिझर्ड आलं. विमानतळावर ३७ तास तीच स्थिती होती. खिडकीबाहेर समोरचं घर राहू दे, आमच्याच दारातली गाडी दिसेना. पांढरा अंधार म्हणतात तो हाच असावा. मदतीला निघालेल्या गाड्याही अडकून पडल्या. ४० च्या वर माणसं दगावली. अप्पा, तेव्हा मात्र मी लपवलं होतं. "थोडा बर्फ आहे, घरातच आहोत," एवढंच फोनवर बोलले. घरात होतो हे खरं होतं. 'थोडा' नव्हता, आणि प्रश्न बर्फाचा नव्हताच.

तुम्हाला हे मी काय समजावणार म्हणा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा पाऊस काही श्रावणातल्याहून जास्त नव्हता, असं तुम्हीच सांगितलंत. पण दुपारच्या दोन-तीन तासांत वाडीतली पोफळं काडीसारखी मोडली, कौलं उडाली आणि श्रीवर्धनला फोन लागेना. चार दिवस इथे बसून मी नुसते ढगांचे फोटो बघत होते. तेव्हा आईचा आवाज मला हवा होता, आता तिला माझा हवाय, एवढाच फरक.

तर आई, यापुढे टीव्हीवर बर्फात बुडालेल्या गाड्या दिसल्या तर घाबरू नकोस. फोन कर आणि एवढंच विचार, वारा किती आहे? आणि समोरचं घर दिसतंय का? मी खरं सांगेन.

आत्ता दिसतंय. तिथले आजोबा फावडं घेऊन पायऱ्या मोकळ्या करतायत, नि मला अजून आमच्या करायच्यात.

तुमची,
मनू

ता. क. – वादळानंतर लावलेली पोफळं यंदा धरली का? अप्पांना म्हणावं, फोटो पाठवा, नुसतं 'बरी आहेत' नको.