लेमन तुरीचा दाखला आणि पलेटवाचा रस्ता

संपादक महोदय,

म्यानमारच्या लष्करी राजवटीशी भारताने संबंध ठेवावेत की तोडावेत, ही चर्चा आपल्याकडे अधूनमधून उसळते आणि दोन्ही बाजू तत्त्वावर हटून बसतात. त्याऐवजी वाशीच्या दाणा बाजारात उतरणाऱ्या लेमन तुरीच्या, म्हणजे म्यानमारहून येणाऱ्या तुरीच्या, एका लॉटची कागदपत्रे उघडून पाहावीत.

फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली आणि त्याच वर्षी जूनमध्ये आपण दरसाल अडीच लाख टन उडीद व एक लाख टन तूर आणण्याचा पाच वर्षांचा करार केला. माल खासगी व्यापाऱ्यांनी आणायचा; अट अशी की सोबत म्यानमार सरकारच्या अधिकृत सहीचा मूळस्थानाचा दाखला हवा. ही सही नेपिडोच्या, म्हणजे राजधानीतल्या लष्करी सरकारच्या, हाताखालची. तुरीचे पीक मात्र सगाइंग, मागवे, मंडाले या कोरड्या पट्ट्यातले, आणि सगाइंग-मागवेची कितीतरी गावे लष्कराविरुद्ध लढणाऱ्यांच्या हाती आहेत. तिथून यांगून बंदरापर्यंत येताना ट्रक वेगवेगळ्या गटांच्या नाक्यांवर थांबतो, प्रत्येक जण आपला वाटा घेतो. पुढे चलनाची गंमत. सरकारी दर ऑगस्ट २०२२ पासून डॉलरला २,१०० क्यात, खुल्या बाजारात त्याच्या दुपटीच्या आसपास. निर्यातदाराला मिळालेल्या डॉलरचा काही हिस्सा सरकारी दरानेच मोडावा लागतो; मग बिलात भाव कमी दाखवण्याचा मोह होतो आणि खरा भाव काय, हे दोन्ही टोकांना कुणीच उघड बोलत नाही.

तेव्हा संबंध तोडले तर दाखल्यावर सही कोण करणार? आणि फक्त नेपिडोशीच बोललो, तर नाक्यावरून माल कोण सोडणार? तुरीच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिथले आडते आपल्यापुरते शोधतात. कलादान प्रकल्पात, म्हणजे म्यानमारमधून मिझोरामला जोडणाऱ्या भारताच्या वाहतूक मार्गात, आडते नाहीत, त्यामुळे तिथे गाडे अडले आहे.

कलादानची साखळी अशी: कोलकात्याहून सितवे बंदर ५३९ किलोमीटर समुद्राने, सितवेहून पलेटवा १५८ किलोमीटर कलादान नदीतून, आणि पलेटवाहून मिझोरामच्या सीमेवरील झोरिनपुईपर्यंत सुमारे ११० किलोमीटर रस्ता. करार २००८ चा. ५३६ कोटींचा अंदाज २०१५ मध्ये २,९०४ कोटींवर गेला. मे २०२३ मध्ये कोलकात्याहून सिमेंटच्या वीस हजार गोण्या, म्हणजे १,००० टन, घेऊन पहिले जहाज सितवेला लागले. नदीसाठी बांधलेल्या बार्जची (सपाट तळाच्या मालवाहू नावांची) क्षमता प्रत्येकी ३०० टन. म्हणजे एवढाच माल वर न्यायचा तरी चार बार्ज लागतात, पलेटवाला पुन्हा उतरवणी आणि मग ट्रक. इतक्या चढउतारातले एक ठिकाण बंद पडले की मागचे सगळे वाया.

नेमके तेच झाले. जानेवारी २०२४ मध्ये अराकान आर्मी या राखाइन राज्यातल्या बंडखोर फौजेने पलेटवा घेतले. सितवे ज्यात येते त्या राखाइनच्या १७ टाउनशिपपैकी (तालुक्यांसारखे विभाग) १४ तिच्या ताब्यात गेल्या. सितवे, चाउकफ्यू आणि मानाउंग लष्कराकडे राहिली. म्हणजे बंदर एकाचे, नदीचा वरचा भाग आणि रस्त्याचे टोक दुसऱ्याचे. त्यात पलेटवा नकाशावर म्यानमारच्याच चिन राज्यात येते आणि ते राखाइनच्या फौजेकडे असणे चिन गटांना खुपते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपण नागरिकांना राखाइन सोडायला सांगितले, सितवेच्या वाणिज्य दूतावासातील माणसे यांगूनला हलवली. गरज होती तेव्हाच तिथे बोलायला आपले कुणी उरले नाही.

मान्यता राज्याला असते, बोलणी कुणाशीही होतात, हा मुत्सद्देगिरीतला जुना रिवाज. संयुक्त राष्ट्रांतली म्यानमारची खुर्चीसुद्धा सत्तापालटानंतर लष्कराच्या माणसाला मिळाली नाही, तरी यांगूनमधले बहुतेक दूतावास चालूच राहिले. चीनने तर जानेवारी २०२४ मध्ये आपल्या कुनमिंग शहरात लष्कर आणि उत्तरेकडच्या बंडखोरांना एका टेबलाशी बसवले, पुढे बंडखोरांनी जिंकलेले लाशिओ शहर एप्रिल २०२५ मध्ये लष्कराला परत द्यायला लावले. एवढी दांडगाई आपल्याला जमणार नाही आणि जमू नये. पण मिझोरामचे राज्यसभा खासदार वनलालवेना २०२४ मध्ये सीमेपलीकडे जाऊन अराकान आर्मीला भेटून येतात, हे काम एकट्या खासदाराच्या उत्साहावर सोडण्यासारखे नाही.

परराष्ट्र खात्याने मिझोरामच्या लॉन्गत्लाईमध्ये संपर्क अधिकारी बसवावा. त्याचे काम मालवाहतूक, कामगारांची सुरक्षा आणि औषधे एवढ्यापुरते, लेखी आणि नेपिडोला कळवून. रस्त्याच्या ठेकेदाराला परस्पर 'कर' भरू देऊ नये. एकदा एका नाक्याला दिले की पुढचे तीन उभे राहतात, आणि त्या पैशाचा हिशेब ऑडिटमध्ये कोणत्या सदरात दाखवणार? अराकान आर्मीवर रोहिंग्यांवरील अत्याचाराचे गंभीर आरोप आहेत, म्हणून राजकीय मान्यतेचा शब्द या बोलण्यात येऊ नये.

नेपिडो चिडेल, हे धरून चालावे. मणिपूरच्या काही बंडखोर टोळ्यांचा सगाइंगमधला आसरा ही त्यांच्या हातातली दुखरी नस आहे, तुरीचा दाखला अडवणे ही दुसरी. पण डाळीचे डॉलर त्यांनाही हवे असतात, त्यामुळे दाखला फार दिवस अडणार नाही. मणिपूरचे मात्र तसे नाही. तिथे किंमत मोजावी लागू शकते, आणि ती तयारी ठेवूनच लॉन्गत्लाईचा माणूस नेमावा.

— धान्य आयातीच्या व्यवहारातील एक वाचक, नवी मुंबई