रविवारची बैठक आणि एक कळकळीची आठवण

सर्व ताई-दादांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी ११ वाजता नेहमीच्या जागी बैठक आहे. घरचं कुणी सोबत येणार असेल तर आधी कळवा.

या वेळी मुख्य विषय भाड्याच्या घराचा. आपल्यातल्या काहींना एचआयव्ही असल्याचं कळल्यावर घरमालकाने खोली सोडायला सांगितलं. ‘जाऊ दे, दुसरीकडे बघू’ म्हणून गप्प बसू नका. एचआयव्ही आहे म्हणून घर, नोकरी, शाळा किंवा उपचार नाकारण्याला २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई आहे. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तक्रार याच कायद्याखाली नेमलेल्या राज्याच्या लोकपालांकडे (ओम्बड्समन) करता येते आणि त्यांनी ३० दिवसांत आदेश द्यायचा असतो. कोर्टात जायची वेळ आली तर खरं नाव झाकून प्रकरण चालवण्याची विनंतीही करता येते. बहुतेक जण नाव बाहेर येईल या भीतीनेच मागे फिरतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. घरमालकाचे मेसेज, भाडेकरार, पावत्या जपून ठेवा आणि येताना आणा. अर्ज आपण तिथेच मिळून लिहू.

आता आठवण. गटात कुणाचाही फोटो, रिपोर्ट, केसपेपर टाकू नका. स्वतःचाही नको. बैठकीतलं बोलणं बैठकीतच राहू द्या, अगदी सख्ख्या जावेलाही सांगू नका!

गोळ्यांची तारीख चुकवू नका. एआरटी केंद्रात (एचआयव्हीच्या उपचारांचं सरकारी केंद्र) त्या मोफत मिळतात. मधेच मन खचलं किंवा काही विचारायचं असेल तर १०९७ ही हेल्पलाइन मोफत आहे.

चहा आहे. नाश्त्याचं कोण बघणार ते शुक्रवारपर्यंत सांगा.